माझी आई, तिची मौसी

आमच्या घराला बाहेरून वर जाणारा एक सिमेंटचा जिना होता. त्याच्या खालच्या पायरीशी स्कूटर उभी करून सक्सेना अंकल रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला जवळ घ्यायचे आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवायचे. शिल्पी त्यांची कॉलर नीट करायची. ते म्हणायचे, "चलूँ बेटा?" ती म्हणायची, "चलिए." एवढंच. मी त्या वेळी अंगणात पाणी भरत असायची. बादली भरून वाहायला लागायची तरी नळ बंद करायचं मला सुचायचं नाही. मीही सोळाची होती. माझे बाबा तोवर केव्हाच गेलेले असायचे. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे, आणि कारखान्याची बस त्यांना साडेसहालाच मोठ्या रस्त्यावरून घेऊन जायची. निघताना ते दारात चप्पल घालत एकच वाक्य बोलायचे, "दार लाव." जो जागा असेल त्याला उद्देशून. बहुतेक वेळा मीच जागी असायची, म्हणून ते वाक्य माझं, असं मी धरून चालले होते.

सक्सेना मंडळी भोपाळची. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि भोपाळची अर्धी कचेरी आमच्या गावात येऊन पडली. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं. साहेब लोकांना बंगले मिळाले, बाकीचे घरं शोधत गल्लीगल्लीतून फिरायला लागले. ज्याच्या घरावर एक खोली जास्तीची होती त्यानं तिला मोरी-संडास जोडून भाड्यानं दिली. आमच्या वरच्या दोन खोल्या आजोबांनी बांधून ठेवल्या होत्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. आजोबा पुलगावकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. महानुभाव पंथाचे, कडक. सक्सेना अंकलना त्यांनी ओसरीवरच्या खुर्चीतूनच सांगितलं, "अंडा, मांस, कुछ नहीं चलेगा हमारे घर में." अंकलनी हात जोडून होकार दिला. आंटी एका खाजगी शाळेत शिकवायच्या, चारला घरी यायच्या. शिल्पीला माझ्याच शाळेत अकरावीत प्रवेश मिळाला. आम्ही दोघी दीडला घरी परतायचो, आणि चारपर्यंत शिल्पी मोकळी असायची.

आमचं घर शांत होतं. भांडण नव्हतं, दारू नव्हती, मारझोड नव्हती. आजोबांचा रेडिओ, आईच्या पाट्यावरच्या वरवंट्याची घरघर, संध्याकाळी बाबा परतले की मोरीत तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज. कारखान्याची काळी भुकटी त्यांच्या कानात बसायची. टॉवेलच्या टोकाला पीळ देऊन ते ती काढत राहायचे आणि टॉवेलवर काळे ठिपके उमटायचे. जेवायला झुणका-भाकर, कधी पातोडीचा रस्सा, थंडीत भरीत. इथली लाल भाजी आणि मुनगा, म्हणजे शेवगाही आमच्या ताटात आलेला होता. चव उत्तम. पण त्या घरात कोणी कोणाला हात लावत नसे. आजारी पडलं तरच कपाळाला हात लागायचा, आणि तोही ताप पाहून लगेच उचलला जायचा. मला त्यात काही कमी आहे असं वाटलेलं नव्हतं. घरं अशीच असतात, असं मला वाटायचं.

आईनं फार उशिरा, माझं लग्न होऊन मला मुलगी झाल्यावर, त्यामागची गोष्ट सांगितली. ती सून होऊन आली तेव्हा सासू-सासऱ्यांसमोर आपलं लेकरू कुरवाळणं हे निर्लज्जपणाचं समजत. मी रडत असली तर आजी मला उचलून तिच्याकडे द्यायची, दूध पाजून झालं की परत घ्यायची. बाबांनी तर मला आजोबांसमोर कधी उचललंच नाही, आणि आजोबा नेहमीच समोर असायचे. आजी वारली तोवर मी पाच वर्षांची झाली होती. "मग पुढं उचलायचं म्हटलं तर तू मोठी झाली होती," आई म्हणाली, "आणि मले सवय राहिली नव्हती." पण हे तेव्हा मला ठाऊक असतं तरी काय फरक पडला असता, कोण जाणे. सोळाव्या वर्षी कारणं समजली तरी मनाचं समाधान होत नाही.

पहिल्या चाचणीत शिल्पीला गणितात जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळाले. ती जिन्यावर बसून रडली. अंकल आले, पेपर पाहिला, आणि स्कूटर वळवून जिलबी घेऊन आले. "आधा तो हो गया, आधा और करना है," असं म्हणत त्यांनी तिला पहिली जिलबी भरवली, आणि एक द्रोण आमच्याकडेही पाठवला. मी वर्गात दुसरी आली होती. बाबांनी माझा पेपर घेतला, सही केली, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अक्षर बिघडून राहिलं तुझं." आजोबांनी जिलबी खाल्ली. मी माझ्या वाटची मोरीत टाकली आणि वरून पाणी सोडलं.

तरी इथवर मला शिल्पीचा नुसता हेवा वाटत होता. तिला तिचे आईबाप लाभले होते, मला माझे. राग यायचं कारण पुढे घडलं. एका दुपारी ती खाली आली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईला म्हणाली, "आंटी, यह खुशबू किसकी है?" आई पातोडीचा रस्सा करत होती. आईनं तिला पाटावर बसवून वाटीभर दिला. शिल्पीच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, तरी तिनं वाटी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. आठवडाभरात तिनं आंटी सोडून 'मौसी' म्हणायला सुरुवात केली. एकदा मी शाळेचे कपडे बदलून आले तर शिल्पीनं आईला मागून मिठी मारलेली होती, हनुवटी आईच्या खांद्यावर. आईचे दोन्ही हात पिठाचे. ते तिनं अंगापासून लांब धरले होते आणि तिला काय करावं ते कळत नव्हतं. मला वाटलं, आता रागावेल. आई हसली. तिचं हसणं इतकं मोकळं असू शकतं हे मला त्या दिवशी समजलं. मी दारातून मागे फिरले आणि पुस्तक उघडून बसले. एकही ओळ कळली नाही.

मग रोजचंच झालं. "मौसी, मैं बेलूँ?" "मौसी, आप थक गई हैं, बैठिए न." आईचं हिंदी मोडकंतोडकं, पण शिल्पीशी बोलताना ती लाजायची नाही. माहेरच्या, आर्वीच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची, विहिरीत पडलेल्या म्हशीची गोष्ट सांगायची. ती गोष्ट मी कधी ऐकलेली नव्हती. शिल्पीचे केस लांब होते. एका रविवारी आई ओसरीवर बसून तिला तेल लावत असताना मी पाहिलं. बोटं अशी फिरत होती की शिल्पीचे डोळे मिटत होते. मी सहावीत गेली तेव्हा आईनं माझ्या हातात फणी देऊन सांगितलं होतं, आता तुझं तू कर. आणि झुणक्याची खरवड. कढईच्या तळाला चिकटलेली ती खमंग, करपलेली पापडी आई खरवडून नेहमी माझ्या ताटात टाकायची. काही बोलायची नाही, टाकायची. आमच्या दोघींत तेवढं एक होतं. त्या दिवशी ती खरवड शिल्पीच्या ताटात पडली. आईच्या ध्यानातही आलं नसेल. मी मात्र पुढचे कितीतरी दिवस जेवायला बसले की आधी ताटात पाहायची. हिला तिकडे आईही आहे आणि बापही आहे, मग ही माझ्या आईकडे काय घ्यायला येते, हाच एक प्रश्न डोक्यात घुमायचा.

माझ्या मुलीच्या शाळेत मागे एक बाई आल्या होत्या, पालकांशी बोलायला. मुलांना रोज जवळ घ्या, त्यांना वाटतं ते बोलू द्या, असं त्या सांगत होत्या, आणि आम्ही सगळे पालक ते वहीत लिहून घेत होतो. मी लिहिता लिहिता थांबले. मला वाटलं, ही वही कोणी माझ्या आईला दिली असती तर तिनं ती नीट गादीखाली ठेवली असती. जवळ कसं घ्यायचं हे तिला ठाऊक होतं. ते तिनं शिल्पीशी करून दाखवलं होतं.

मी जे केलं ते आता सांगते. वर अंडी शिजायची. आंटींना दम्याचा त्रास होता, कोणा डॉक्टरनं त्यांना अंडं खायला सांगितलं होतं. आईला हे माहीत होतं. टरफलं शिल्पी कागदात गुंडाळून आईला द्यायची आणि आई ती परसातल्या मुनग्याच्या बुडाशी पुरायची. एवढ्या मोठ्या बाईनं सासऱ्यापासून एका परक्या पोरीसाठी गुपित ठेवावं, यानंही माझी जळजळ झाली. एका संध्याकाळी आजोबांना चहा देताना मी म्हटलं, "आजोबा, मुनग्याच्या बुडाशी अंड्याची टरफलं कोण पुरून राहिलं?" अगदी भोळ्या आवाजात.

आजोबा ओरडले नाहीत. त्यांनी चहा संपवला, काठी घेतली, परसात गेले, काठीनं माती उकरली. मग आईला बोलावलं. "सूनबाई, वरच्या लोकांले मी शब्द देला आहे, घराबाहेर काढणार नाही. पण ती पोट्टी आजपासून आपल्या स्वयंपाकघरात येणार नाही." आई डोक्यावरचा पदर धरून उभी होती. "बरं," म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेव्हा वाटलं की तिला माझा संशयही आला नाही.

शिल्पी येईनाशी झाली. जिन्यावरून वर जाताना ती आमच्या खिडकीकडे एकदा पाहायची, हात हलवायची, जायची. मी जिंकली होती. आता आईच्या शेजारचा तो पाट मोकळा होता. दुपारी मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसायची. आई कणीक भिजवायची, मी बसून राहायची. ती म्हणायची, "अभ्यास नाही का?" मी म्हणायची, "आहे." ती पुन्हा कणकेकडे वळायची. तिचं ते हसणं शिल्पीबरोबर वर निघून गेलं होतं. ते माझ्याकडे वळेल असं मी का मानलं होतं, मला सांगता येत नाही. खरवड पुन्हा माझ्या ताटात येऊ लागली. ती मला खाववेना.

पुढचे दोन-अडीच महिने मला सलग आठवत नाहीत. जेवणाची चव गेली. आधी वाटलं तोंड आलं असेल. सकाळी उठून वेणी घालणं हे डोंगर चढण्यासारखं वाटायला लागलं. हात वर केले की तसेच खाली यायचे. वर्गात बाई बोलायच्या, त्यांचे ओठ दिसायचे, शब्द पोचायचे नाहीत. डबा मी रस्त्यातल्या गाईला घालायची. रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं झालं असतं. सहामाहीला रसायनशास्त्राच्या पेपरात मी नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि तीन तास त्या नावाकडे पाहत बसले. आपण चुगलखोर आहोत, आपल्यामुळे आईचं हसणं बंद झालं, आणि आपण असलो काय, नसलो काय, या घरात सगळं तसंच चालेल, असे विचार येत राहायचे. शेवटचा विचार हळूहळू जास्त वेळ थांबायला लागला. घरात कोणाला काही दिसत नाही याची मला खात्री होती.

शिल्पीला दिसलं. एका दुपारी शाळा सुटल्यावर सायकल स्टँडवर तिनं माझ्या सायकलचं हँडल धरलं. आम्ही महिनाभर बोललो नव्हतो.

"तुम टिफिन गाय को क्यों देती हो?"

मी म्हटलं, "तुमको क्या?"

"कल भी दिया, परसों भी. तुम्हारे कपड़े ढीले हो गए हैं. केमिस्ट्री में तुमने कुछ नहीं लिखा, मैं पीछे बैठी थी." तिचा आवाज खाली आला. "मुझसे गुस्सा हो, ठीक है. पर हुआ क्या है?"

मला तिचा इतका राग आला की खरं तेच तोंडातून निघालं. "कुछ नहीं हुआ. मैं न रहूँ तो किसी को पता भी नहीं चलेगा. तुम जाओ ना ऊपर, बैठ जाओ मेरी जगह."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हँडल सोडलं, स्वतःची सायकल काढली आणि निघाली. मला आधी वाटलं की ती दुखावली. मग दिसलं की ती उभी राहून पायडल मारत होती. ती कुठे चालली आहे ते मला कळलं, आणि मी तिच्यामागे निघाले, तिला अडवायला.

मी फाटकात शिरले तेव्हा शिल्पी ओसरीवर आजोबांसमोर उभी होती. धापा टाकत होती. "दादाजी, मुझे अंदर जाना है. मौसी से काम है." आजोबांनी चष्मा वर केला. ते काही म्हणायच्या आत ती त्यांच्या खुर्चीला वळसा घालून आत गेली. चपला ओसरीवर काढायचं मात्र ती विसरली नाही. मी मागोमाग गेले. आई भाजी निवडत बसली होती.

"मौसी, वंदना ठीक नहीं है," शिल्पी म्हणाली. "वो खाती नहीं है. वो कह रही है कि वो न रहे तो किसी को पता नहीं चलेगा. आप उसको देखिए. आज ही देखिए."

आईच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

माझ्या आईला माझं सांगायलाही हीच, असं मला वाटलं. माझं दुखणं ही माझी एकच गोष्ट उरली होती, तीही शिल्पीनं माझ्याआधी धावत येऊन घेतली. मी म्हटलं, "मले काहून विचारते? तिलेच विचार. तुले तिचंच खरं वाटते. तिच्याशीच हसतेस तू, तिलेच तेल लावतेस. मले कधी हात तरी लावला काय?"

ओसरीवर आजोबा असताना आमच्या घरात एवढ्या मोठ्यानं कोणी बोललेलं नव्हतं. शिल्पी मागे सरकत सरकत दाराबाहेर गेली. तिची पावलं जिन्यावर ऐकू आली. आई उठली. माझ्याजवळ येऊन थांबली. तिचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला आणि मध्येच राहिला.

"मले येत नाही, वंदे," ती म्हणाली. "तिच्याशी येते. ती लोकाची आहे, उद्या जाईल. तुझ्याशी करायले गेली की मले भेव लागते, काही चुकलं तर. मले येतच नाही." आणि तिथेच भाजीच्या पसाऱ्यात खाली बसली. मीही बसले. आम्ही दोघी समोरासमोर बसून राहिलो. ती उठून गेली नाही. गॅसवरची डाळ करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही.

एका डॉक्टरीणबाईंचं नाव सक्सेना आंटींनी सुचवलं. समता कॉलोनीत एका दुमजली घराच्या खाली त्यांचा दवाखाना होता. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, असंच तेव्हा आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, समजत. आई बाबांना कसं सांगेल याची मला धास्ती होती. तिनं त्यांना मोरीच्या दाराशी, ते कान पुसत असताना सांगितलं. बाबांनी टॉवेल खाली घेतला आणि म्हणाले, "केव्हा जायचं?" जायच्या दिवशी ते अर्धी सुटी टाकून सिलतऱ्याहून परस्पर तिथे आले, कारखान्याच्याच कपड्यांत. बाहेरच्या बाकावर ते ताठ बसून राहिले. भिंत नुकती रंगवलेली होती, पाठ टेकली तर डाग पडेल म्हणून.

डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्या, मी काही बोलले नाही. मग त्यांनी आईला विचारलं, "आप बताइए, कब से ऐसा है?" मला वाटलं आई म्हणेल, हमको तो पता नहीं. आईनं पदर नीट केला आणि तिच्या त्या मोडक्या हिंदीत बोलायला लागली.

"दिवाली के पहले से. पहले तीन रोटी खाती थी, अब एक खाती है, वो भी पानी के साथ निगलती है. पहले नहाते समय गुनगुनाती थी, बंद कर दी. पढ़ते समय पेन्सिल चबाती थी, अब पेन्सिल वैसी की वैसी रहती है. बाएँ करवट सोती है, अब सोती नहीं, बाएँ करवट पड़ी रहती है. मैं देखती हूँ. इसका नंबर दूसरा आया था, मैंने इसके बाबा को बोला, कुछ बोलो. वो बोले, मेरे को शब्द नहीं आते. फिर उन्होंने वो कागज अपने पाकीट में रखा, कारखाने में सबको दिखाया. बहुत हुशार है, बाई. बोलती कम है, पर सब समझती है. एक बार छोटी थी तो मेरे पैर में काँटा गया, इसने अपने दाँत से निकाला. तब से मैं इसको..." इथे तिला हिंदी शब्द सापडला नाही. तिनं डॉक्टरीणबाईंकडे पाहून हातानंच काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला.

मी खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होते. पेन्सिल चावते हे मलाही ठाऊक नव्हतं. आई ज्या मुलीबद्दल बोलत होती तिच्यावर कोणाचा तरी दिवसभर डोळा होता. तिची कूस, तिचं गुणगुणणं कोणी मोजून ठेवलं होतं. मला त्या मुलीचा हेवा वाटला. शिल्पीचा वाटायचा त्याहून जास्त. आणि मग ती मीच आहे हे माझ्या ध्यानात आलं, आणि त्या अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं.

परतताना बाबा रिक्षात पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले. मागे मी आणि आई. मी म्हटलं, "आई, टरफलांचं आजोबांले मी सांगितलं."

"माहीत आहे मले."

"केव्हापासून?"

"तेव्हाच. दुसरं होतं कोण सांगायले?"

"मग बोलली काहून नाही?"

ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "काय बोलायचं होतं? तुले कोणत्या गोष्टीचं लागलं ते मले समजलं होतं. त्याच्यावर काय करावं ते नव्हतं समजत."

मी लगेच बरी झाले नाही. गोळ्या बरेच महिने चालल्या. दर पंधरा दिवसांनी समता कॉलोनीत जायचं, बोलायचं, कधी नुसतं बसून यायचं. अकरावी मी पुन्हा केली, शिल्पी एक वर्ष पुढे गेली. आईनं एकदा मला तेल लावलं. इतकं जोरात, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते झालं तेव्हा आम्हां दोघींनाही सुटल्यासारखं वाटलं. पुन्हा लावलं तेव्हा जरा कमी दुखलं. आजोबांनी एक दिवस चहा पिता पिता विचारलं, "ती वरची पोट्टी दिसत नाही आजकाल." आईनं "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी शिल्पी पुन्हा स्वयंपाकघरात आली. टरफलांचं कोणीच पुन्हा काही काढलं नाही. शिल्पीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मुझे लगा था तुमने ही बताया होगा. मैं होती तो मैं भी बता देती." तिनं तसं केलं नसतं. तिला करायची गरजच पडली नसती, आणि तिचा हेवा करायचं कारण नेमकं हेच होतं.

दीड वर्षानं त्यांना सरकारी क्वार्टर मिळालं. सामान ट्रकवर चढलं तेव्हा आई फाटकात शिल्पीला मिठी मारून हमसून हमसून रडली. मी फाटक धरून उभी होती. माझ्या लग्नात आई रडली नाही. ती पंगत पाहत होती, कोणाला वाढायचं राहिलं का ते पाहत होती. मी गाडीत बसले तेव्हा तिनं काचेतून फक्त सांगितलं, "पोचली की कळव." मग मला ते फाटक आठवलं, आणि नव्या नवऱ्याशेजारी बसून मी जळत राहिले.

आई आता थकली आहे. शिल्पी भोपाळला असते, दर आठवड्याला तिला फोन करते. आईच्या घरी गेले असले की मला तो फोन ऐकावा लागतो. अर्धा-अर्धा तास, हसणं, मोडकं हिंदी. माझ्याशी ती फोनवर दोन मिनिटं बोलते. "नळ आले काय तुमच्याकडे? पोट्टी बरी आहे? ठेवते मग." मागच्या महिन्यात शिल्पी कामासाठी रायपूरला आली, माझ्याकडे उतरली. चहा घेताना मी तिला विचारलं, हसत, पण हसण्यासारखं काही नव्हतं, "एवढा वेळ तू आईशी काय बोलतेस गं?"

शिल्पी मराठी समजते, उत्तर हिंदीतच देते. "मैं कहाँ बोलती हूँ," ती म्हणाली. "मौसी बोलती हैं, तुम्हारे बारे में. तुमने क्या पकाया, तुम्हारी खाँसी ठीक हुई कि नहीं, तुमने कौन सी साड़ी ली. मैं तो बस सुनती हूँ."

मी कप खाली ठेवला. तिला विचारलं, "साडीचं काय म्हणाली?"

"कि हरा रंग तुम पर अच्छा लगता है," शिल्पी म्हणाली.

मी तिला म्हटलं, अजून सांग. आणि ती, नेहमीसारखी, हातचं काही न राखता सांगत राहिली.